प्रसूतिगृहातील रिवाज आणि पुरावा : सुईणविद्येच्या इतिहासातून संशोधन वाचायला शिकणे

१. प्रस्तावना

लेबर रूममध्ये पहिली ड्युटी लागते तेव्हा पुस्तकात वाचलेल्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले लवकर अंगवळणी पडते. ज्येष्ठ सिस्टर जसे करतात तसे आपण करतो. 'असे का?' असे विचारले तर बहुतेक वेळा उत्तर मिळते, 'आपल्याकडे असेच करतात.' या उत्तरात वर्षानुवर्षांचा अनुभव असतो, म्हणून ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण तेवढ्यावर थांबण्यासारखेही नाही. कारण आपण जे करतो ते एका बाईच्या शरीरावर होते, आणि त्या क्षणी ती विरोध करण्याच्या अवस्थेत नसते.

या पाठात आपण बाळंतपणाच्या इतिहासातील काही प्रसंग पाहणार आहोत. प्रत्येक प्रसंगात कोणीतरी एखाद्या रूढ कृतीला प्रश्न विचारला, त्यासाठी आकडे गोळा केले, आणि त्यातून संशोधनाचा पुरावा तपासण्याची एक पद्धत हळूहळू घडत गेली. तुम्ही नर्सिंगचे विद्यार्थी असाल तर ही पद्धत तुमच्या रोजच्या कामाची आहे. इतिहासाचे किंवा समाजशास्त्राचे विद्यार्थी असाल, तर 'ज्ञान' म्हणून जे सांगितले जाते ते कसे ठरते, हे येथे दिसेल.

पाठाच्या शेवटी तुम्हाला कोणताही संशोधन अहवाल हातात घेऊन पाच प्रश्न विचारता आले पाहिजेत : तुलना कोणाशी केली? गट कसे पाडले? काय मोजले आणि कधीपर्यंत? या विषयावरचा सगळा पुरावा एकत्र पाहिला का? आणि हे माझ्यासमोरच्या बाईला लागू पडते का?

शब्दांविषयी एक खुलासा. गावात परंपरेने बाळंतपण करणारी ती दाई, असा शब्द या पाठात वापरला आहे. रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या मिडवाइफसाठी 'सुईण' हा शब्द घेतला आहे.

२. पहिला प्रश्न : तुलना कोणाशी?

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातील प्रसूतिगृहांत बाळंतज्वराने फार बायका दगावत. बाळंतपण सुखरूप होई, आणि दोन-तीन दिवसांत ताप चढून बाई जाई. हवा, दूषित वाफा, मनाची भीती, दूध अडणे अशी अनेक कारणे सांगितली जात. प्रत्येक कारणामागे कोणी ना कोणी नामवंत वैद्य उभा असे.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरात अलेक्झांडर गॉर्डन या डॉक्टरांनी वेगळे केले. १७८९ ते १७९२ या काळात शहरात या तापाची साथ होती. गॉर्डन यांनी ७७ रुग्ण स्त्रियांची यादी केली आणि प्रत्येकीच्या नावापुढे तिचे बाळंतपण कोणी केले ते लिहिले. यादी समोर ठेवल्यावर दिसले की हा ताप ठरावीक सुइणींच्या आणि डॉक्टरांच्या हाताखालून गेलेल्या बायकांनाच येत होता. त्या यादीत गॉर्डन यांचे स्वतःचेही नाव होते, आणि आपणही रोग पोहोचवला हे त्यांनी १७९५ च्या पुस्तकात मान्य केले. शहराला हे रुचले नाही. पण एक साधी नोंदवही काय सांगू शकते, हे त्यातून दिसले.

पुढचा प्रसंग व्हिएन्नाचा आहे. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन कक्ष होते. पहिल्या कक्षात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ मध्ये पहिल्या कक्षात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ माता दगावल्या, म्हणजे शंभरांमागे ११ हून अधिक. सुइणींच्या कक्षात ३,७५४ बाळंतपणांत १०५ माता दगावल्या, म्हणजे शंभरांमागे तीनपेक्षा कमी. हा फरक गावभर माहीत होता. पहिल्या कक्षात नेऊ नका म्हणून बायका हातापाया पडत.

इग्नाझ सेमेलवाइस हे हंगेरियन डॉक्टर त्या वर्षी पहिल्या कक्षात साहाय्यक होते. त्यांच्या दृष्टीने सुइणींचा कक्ष हा आयता तुलनेचा गट होता. इमारत तीच, शहर तेच, हवामान तेच. शिवाय प्रवेशाचे वार दोन्ही कक्षांत वाटून दिलेले होते. म्हणजे एखादी बाई कोणत्या कक्षात जाणार हे तिच्या प्रकृतीवर नव्हे, तर ती कोणत्या दिवशी आली यावर ठरे. त्यामुळे दोन्हीकडच्या बायका साधारण सारख्याच असणार, हे गृहीत धरता येत होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

मग त्यांनी एकेक कारण या तुलनेवर घासून पाहिले. दूषित हवा? ती दोन्हीकडे सारखीच. गर्दी? ती तर सुइणींच्या कक्षात जास्त होती. मरणासन्न बाईकडे घंटा वाजवत जाणाऱ्या धर्मगुरूंची भीती? त्यांचा मार्ग बदलून पाहिला, फरक पडला नाही. सुइणी बायकांना कुशीवर झोपवून बाळंतपण करत, तेही करून पाहिले, तरी मृत्यू थांबले नाहीत. मार्च १८४७ मध्ये त्यांचे सहकारी कोलेत्श्का शवविच्छेदनाच्या वेळी चाकू लागून मरण पावले, आणि त्यांच्या शरीरात बाळंतज्वराने गेलेल्या बायकांसारखेच बदल आढळले. तेव्हा दोन कक्षांतला खरा फरक पुढे आला. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून सरळ प्रसूतीच्या खोलीत येत. सुइणी शवविच्छेदन करत नसत.

मे १८४७ च्या मध्यापासून क्लोरीनच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे झाले. एप्रिलमध्ये ३१२ बाळंतपणांत ५७ मृत्यू झाले होते. जूनमध्ये २६८ बाळंतपणांत ६ झाले. १८४८ साली दोन्ही कक्षांतील प्रमाण जवळपास सारखे, शंभरांमागे दीडपेक्षा कमी होते.

येथे दोन धडे आहेत. पहिला, एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. 'आमच्याकडे हात धुतात आणि बायका बऱ्या होतात' या वाक्याला तुलनेशिवाय किंमत नाही. दुसरा, पुरावा नुसता असून भागत नाही, तो नीट मांडावाही लागतो. सेमेलवाइस यांनी सविस्तर पुस्तक थेट १८६१ मध्ये काढले, आणि त्यात विरोधकांवरची टीका इतकी कडवट होती की अनेकांनी त्यांचे ऐकलेच नाही. या चौदा वर्षांत युरोपातील किती प्रसूतिगृहांत हात न धुताच काम चालू राहिले असेल, याचा विचार करा.

३. दुसरा प्रश्न : गट कसे पाडले?

आता विसाव्या शतकात येऊ. बाळाचे डोके बाहेर येताना योनिमुख आणि गुदद्वार यांमधल्या भागावर कात्रीने छेद घेतात, त्याला एपिसिओटॉमी म्हणतात. डब्लिनच्या फील्डिंग औल्ड यांनी १७४२ मध्ये असा छेद सुचवला होता, पण तो अडलेल्या बाळंतपणासाठी. तो जवळपास सरसकट होण्यामागे एक महत्त्वाचे भाषण होते. शिकागोचे जोसेफ डीली यांनी १९२० मध्ये असे मांडले की बाळंतपण हीच मुळात इजा करणारी घटना आहे. म्हणून छेद आणि चिमटा यांचा वापर आधीच करावा. छेद सरळ असतो, तो नीट शिवता येतो, फाटलेली कड वेडीवाकडी असते. छेदामुळे पुढे ओटीपोटाचे स्नायू सैल पडत नाहीत आणि बाळाच्या डोक्यालाही जपता येते, असे त्यांचे म्हणणे होते.

हे तर्क ऐकायला पटतात. अडचण एवढीच, की ते तपासलेले नव्हते. तरी अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस योनिमार्गे होणाऱ्या दर दहा बाळंतपणांपैकी साधारण सहांमध्ये छेद घेतला जात होता. १९८३ मध्ये स्टीफन थॅकर आणि डेव्हिड बँटा यांनी १८६० ते १९८० या काळातील इंग्रजी लेखनाचा आढावा घेतला. सांगितलेल्या फायद्यांना आधार देणारा भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. वेदना, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे तोटे मात्र खरे होते.

मग प्रत्यक्ष तपासायचे कसे? समजा एका डॉक्टरच्या शंभर छेद घेतलेल्या बायका आणि शंभर छेद न घेतलेल्या बायका आपण मोजल्या. ही तुलना फसवी ठरेल, कारण ज्यांचे बाळंतपण अवघड होते त्यांनाच छेद घेतला गेला असण्याची शक्यता जास्त. नंतरचा त्रास छेदामुळे झाला की अवघड बाळंतपणामुळे, हे वेगळे काढता येणार नाही. व्हिएन्नात प्रवेशाच्या वारामुळे हा घोळ टळला होता. आधुनिक चाचणीत तेच काम हेतुपुरस्सर करतात : कोणत्या गटात कोण जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे योगायोगाने ठरवतात. यालाच यादृच्छिक नियंत्रित चाचणी म्हणतात.

इंग्लंडमधील बर्कशायर परगण्यात अशी चाचणी झाली आणि तिचा अहवाल १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. ती चालवणाऱ्यांत जेनिफर स्लीप आघाडीवर होत्या. त्या स्वतः सुईण होत्या. एक हजार स्त्रियांची सीलबंद लिफाफ्यांच्या साह्याने दोन गटांत वाटणी झाली. एका गटात सुइणींना सांगितले होते की बाळाच्या जिवासाठी गरज पडली तरच छेद घ्या. दुसऱ्या गटात सांगितले होते की फाटेल असे वाटले तर मोकळेपणाने घ्या. पहिल्या गटात १० टक्के स्त्रियांना छेद घेतला गेला, दुसऱ्या गटात ५१ टक्के स्त्रियांना. दहा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी वेदना दोन्ही गटांत सारख्याच होत्या. काही इजा न होता सुटलेल्या स्त्रिया मात्र कमी छेदांच्या गटात जास्त होत्या. म्हणजे निम्म्या बायकांना कापून जे वाचवायचे होते, ते वाचत नव्हते.

हा अहवाल वाचताना दोन बारकावे पाहा. एक, तुलना 'छेद घेतलेल्या' आणि 'न घेतलेल्या' बायकांची नाही, तर ज्या गटात त्या पडल्या त्या गटांची आहे. गट फोडून पुन्हा मोजले तर चिठ्ठीचा सगळा फायदा जातो. दोन, गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणाऱ्या किंवा तशाच गंभीर जखमा हजारांत फक्त पाच जणींना झाल्या. इतक्या कमी आकड्यावरून त्या बाबतीत निष्कर्ष काढता येत नाही. 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

म्हणून मोठी चाचणी लागली. १९९३ मध्ये अर्जेंटिनातील आठ रुग्णालयांत २,६०६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा अहवाल आला. निवडक छेदांच्या गटात ३० टक्के आणि सरसकट छेदांच्या गटात ८३ टक्के स्त्रियांना छेद घेतला गेला. गंभीर जखमा अनुक्रमे १.२ आणि १.५ टक्के. सरसकट कापल्याने गंभीर फाटणे टळते, हा दावा तिथे टिकला नाही. निवडक गटात योनीच्या पुढच्या बाजूला किरकोळ फाटणे थोडे जास्त होते, हेही अहवालात नोंदले आहे. चांगला अहवाल आपल्या बाजूच्या पर्यायाचे तोटे लपवत नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की आपोआप होणाऱ्या योनिमार्गी प्रसूतीत सरसकट किंवा सढळ छेद घेण्याची शिफारस करता येत नाही.

केस काढणे आणि एनिमा देणे यांचीही गोष्ट अशीच. केसांतून जंतू जातात म्हणून प्रसूतीपूर्वी केस काढत. अमेरिकेत १९२२ मध्येच याची एक तपासणी झाली होती आणि फायदा दिसला नव्हता. तरी रिवाज चालू राहिला. इंग्लंडमध्ये मोना रॉमनी या सुईणीने १९८० च्या सुमारास केस काढणे आणि एनिमा या दोन्ही प्रथांवर पुन्हा अभ्यास केला. आज दोन्ही गोष्टी सरसकट करू नयेत अशी शिफारस आहे. स्लीप आणि रॉमनी यांनी जे प्रश्न विचारले ते रोज ट्रे लावणाऱ्या, साफ करणाऱ्या, बाईचे कण्हणे ऐकणाऱ्या माणसाला सुचणारे प्रश्न होते. संशोधन ही फक्त प्राध्यापकांची मक्तेदारी नाही, हे यातून घ्यावे.

४. तिसरा प्रश्न : सगळा पुरावा एकत्र पाहिला का?

एखादी चाचणी चांगली असली तरी ती एकटीच असते. १९२२ ची तपासणी कपाटात पडून राहिली, कारण ती शोधून दुसऱ्या अभ्यासांशेजारी ठेवणारे कोणी नव्हते. आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७२ मध्ये उपचारांची परिणामकारकता तपासण्याविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. १९७९ मध्ये त्यांनी वैद्यकाच्या वेगवेगळ्या शाखांत, पुरावा न पाहता काम करण्याबद्दल प्रसूतिशास्त्राला 'लाकडी चमचा' दिला. शर्यतीत शेवटच्या आलेल्याला इंग्लंडमध्ये थट्टेने देतात ते हे बक्षीस.

थट्टा लागली. ऑक्सफर्डमध्ये इयान चाल्मर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भारपण आणि बाळंतपणावरच्या सगळ्या नियंत्रित चाचण्या शोधून काढायला घेतल्या. १९८९ मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्याच्या शेवटी याद्या होत्या : कोणत्या गोष्टी उपयोगी ठरल्या आहेत, कोणत्या आशादायक आहेत, कोणत्यांविषयी काही सांगता येत नाही, आणि कोणत्या सोडून द्याव्यात. पुढे १९९३ मध्ये कॉक्रेन यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय सहयोग सुरू झाला. म्हणजे ज्या शाखेला शेवटचा नंबर मिळाला होता, तिच्यातूनच पद्धतशीर आढाव्याची आजची रीत उभी राहिली.

या संस्थेचे बोधचिन्ह पाहिले आहे का? त्यातल्या आडव्या रेषा म्हणजे सात खऱ्या चाचण्यांचे निकाल आहेत. अकाली बाळंतपण होऊ घातलेल्या आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाच्या फुप्फुसांची वाढ लवकर होते, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये दाखवले होते. पुढे आणखी चाचण्या झाल्या. अनेक चाचण्या लहान होत्या, त्यामुळे एकेकटीकडे पाहिले तर निकाल धूसर वाटे. एकत्र मांडल्यावर चित्र स्पष्ट झाले : या इंजेक्शनाने बाळे वाचतात. पण हा सारांश वेळेवर न झाल्याने वीसएक वर्षे अनेक प्रसूतितज्ज्ञ ते वापरतच नव्हते. पुराव्याकडे दुर्लक्ष केल्याने झालेले नुकसान कोणत्याही मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलेले नसते, पण ते होते.

५. चौथा आणि पाचवा प्रश्न : कधीपर्यंत पाहिले, आणि कोणाला लागू पडते?

आतापर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग मोठी चाचणी मिळाली की काम झाले. तसे नाही. दोन उदाहरणे पाहू.

पहिले पायाळू बाळाचे. बाळ पायाळू असेल तर सिझेरियन करावे की योनिमार्गे बाळंतपण होऊ द्यावे, यावर २६ देशांत २,०८८ स्त्रियांची चाचणी झाली. २००० मध्ये निकाल आला : ठरवून सिझेरियन केलेल्या गटात बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा १.६ टक्के, योनिमार्गे प्रसूतीचे ठरलेल्या गटात ५ टक्के. परिणाम लगेच दिसला. नेदरलँड्समध्ये पायाळू बाळांच्या सिझेरियनचे प्रमाण दोन महिन्यांतच सुमारे ५० वरून ८० टक्क्यांवर गेले. २००४ मध्ये त्याच चाचणीतील काही मुलांचा दोन वर्षांनंतरचा अहवाल आला. मृत्यू आणि वाढीतला मागासलेपणा यांचे एकत्र प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. म्हणजे पहिल्या दिवसांत 'गंभीर' म्हणून मोजलेल्या बऱ्याच इजा पुढे भरून आल्या होत्या. यावरून पहिला निकाल खोटा ठरत नाही; पहिल्या दिवसांतले मृत्यू हे मृत्यूच होते. पण काय मोजले आणि कधीपर्यंत पाहिले, यावर निष्कर्ष किती बदलतो हे कळते. दरम्यान पायाळू बाळ योनिमार्गे सोडवण्याचे कसब शिकवणाऱ्यांची संख्या घटली. बाई ऐन कळांमध्ये येते आणि सिझेरियनला वेळ नसतो, तेव्हा ते कसब लागतेच.

दुसरे उदाहरण आपल्या देशाशी थेट जोडलेले आहे. वर सांगितलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन श्रीमंत देशांतील रुग्णालयांत सिद्ध झालेले होते, स्वस्तही होते. मग ते गरीब देशांत गावपातळीपर्यंत पोहोचवले तर लाखो बाळे वाचतील, असे वाटणे साहजिक होते. सहा देशांत ही गोष्ट तपासली गेली. भारतात बेळगाव आणि नागपूर ही त्यातली दोन ठिकाणे होती. भौगोलिक वस्त्यांचे गट पाडून काहींमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना अकाली प्रसूतीचा धोका ओळखून इंजेक्शन देण्याचे प्रशिक्षण दिले. काहींमध्ये नेहमीचीच सेवा चालू राहिली. दोन्ही मिळून जवळपास एक लाख स्त्रिया होत्या.

२०१५ मध्ये छापून आलेल्या निकालाने सगळ्यांना थांबवले. फार लहान वजनाच्या बाळांत मृत्यू कमी झाले नाहीत. सगळी बाळे मिळून पाहिली तर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू, जिथे इंजेक्शनाचा प्रसार केला तिथे हजारी २७.४ होते, आणि नेहमीच्या सेवेत हजारी २३.९. मातांमधील संसर्गाचा संशयही पहिल्या गटात जास्त नोंदला गेला. चांगल्या हेतूने पोहोचवलेल्या, अन्यत्र सिद्ध झालेल्या उपायाने येथे नुकसान झाले असावे.

असे का? गावात अनेकदा सोनोग्राफी नसते, पाळीची तारीख नक्की आठवत नाही, त्यामुळे कितवा आठवडा हे चुकते. ज्यांचे बाळंतपण अकाली झालेच नाही अशा अनेक स्त्रियांना इंजेक्शन मिळाले. आणि जे बाळ खरेच अकाली जन्मले त्याला उबेत ठेवणारी, श्वासाला आधार देणारी सेवा जवळ नव्हती. औषध तेच होते, त्याच्या आजूबाजूचे सगळे वेगळे होते.

गोष्ट येथे संपत नाही. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया येथील रुग्णालयांत पुन्हा चाचणी झाली. यावेळी गर्भाचा आठवडा सोनोग्राफीने नक्की केला होता आणि नवजात बाळाच्या सेवेची सोय होती. २,८५२ स्त्रियांच्या या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला : इंजेक्शनाच्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, दुसऱ्या गटात २३.५ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवली.

दोन्ही निकाल खरे आहेत. ते एकमेकांना खोडत नाहीत, तर अट सांगतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आठवडा नक्की माहीत असणे, आईला संसर्ग नसणे, प्रसूतीची आणि अकाली बाळाची योग्य सेवा उपलब्ध असणे या अटी घातलेल्या आहेत. उपकेंद्रात काम करणाऱ्या एएनएमला नुसते 'स्टिरॉइड द्या' असे सांगणे आणि या अटींसह सांगणे, यात बाळाच्या जिवाचा फरक पडू शकतो.

६. आपल्या कामात याचा उपयोग कसा करायचा?

भारत सरकारने २०१८ मध्ये सुईणसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि स्वतंत्रपणे काम करू शकणाऱ्या, विशेष प्रशिक्षित सुइणींची कल्पना मांडली. स्वतंत्र काम म्हणजे स्वतंत्र जबाबदारी. उद्या तुम्हाला कोणी विचारले की हे असे का केले, तर 'असेच करतात' हे उत्तर पुरणार नाही.

पण याचा अर्थ वॉर्डात पहिल्याच दिवशी सगळ्यांशी वाद घालायचा असा नाही. विद्यार्थिनीच्या हातात अधिकार नसतो, हे खरे आहे. तिच्या हातात तीन गोष्टी असतात. एक, नोंद : कोणत्या बाईला काय केले आणि पुढे काय झाले, हे प्रामाणिकपणे लिहिणे. गॉर्डन यांची यादी आठवा. दोन, प्रश्न विचारण्याची रीत : 'हे चुकीचे आहे' असे म्हणण्याऐवजी 'सिस्टर, या बाईला छेदाची गरज कशावरून वाटली?' असे विचारणे. ज्येष्ठांच्या उत्तरात अनेकदा पुस्तकात नसलेले निरीक्षण मिळते, आणि कधी कधी त्यांनाही पुन्हा विचार करावासा वाटतो. तीन, बाईला सांगणे आणि तिला विचारणे. चाचणीतील टक्केवारी शेकडो बायकांची सरासरी असते. समोरची बाई एकच असते, तिला तिच्या भीती असतात, तिची इच्छा असते. पुरावा आपल्याला पर्याय दाखवतो. तिच्या शरीराविषयीचा निर्णय तिला विचारूनच व्हायला हवा.

७. समारोप

या पाठात आपण ॲबर्डीनच्या यादीपासून नागपूर-बेळगावच्या चाचणीपर्यंत आलो. प्रत्येक वेळी चूक करणारे लोक दुष्ट नव्हते. हात न धुणारे डॉक्टर, सरसकट छेद घेणाऱ्या सिस्टर, स्टिरॉइड गावागावांत नेऊ पाहणारे संशोधक, सगळ्यांना बायका आणि बाळे वाचवायचीच होती. चांगला हेतू आणि पटणारा तर्क एवढ्याने पुरत नाही, हे या इतिहासाचे सांगणे आहे. म्हणून तपासायचे : इतरांचे काम, आणि त्याहून जास्त काटेकोरपणे स्वतःचे.

स्वाध्याय

१. व्हिएन्नातील दोन कक्षांची तुलना यादृच्छिक चाचणीच्या किती जवळ जाते आणि कुठे कमी पडते, ते लिहा.

२. 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' यांतील भेद बर्कशायरच्या चाचणीतील गंभीर जखमांच्या आकड्यांवरून समजावून सांगा.

३. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गावातील आरोग्यसेविकांमार्फत घरीच नवजात बाळाची सेवा देऊन पाहिली. ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावे तुलनेसाठी घेतली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सेवा दिलेल्या गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून २५.५ पर्यंत उतरले. गावांची वाटणी चिठ्ठी टाकून झालेली नव्हती. या अभ्यासाला पाठातील पाचही प्रश्न विचारा. त्याची ताकद कशात आहे, आणि तो दुसऱ्या जिल्ह्यात नेण्यापूर्वी तुम्ही काय तपासाल?

४. तुमच्या परिसरातील बाळंतपणाविषयीची एक प्रथा निवडा, घरातली किंवा दवाखान्यातली. ती का पाळतात हे दोन वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारा. ती तपासायची झाली तर तुलना कोणाशी कराल आणि काय मोजाल, ते एका पानात मांडा.